पोटाचं अचानक ऑपरेशन झालं, वरची जखम उघडीच ठेवलीय. घरी कसं सांभाळायचं?

सुदामानगरची_लेक (ऑपरेशननंतर दिवस ८)

नमस्कार मंडळी. इंदूरहून लिहितेय. बाबा ६७ वर्षांचे, मधुमेह बरीच वर्षं आहे. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या कित्येक महिने चालू होत्या, त्यातल्या अर्ध्या आम्हाला माहीतच नव्हत्या. गेल्या आठवड्यात पहाटे पोटात असं दुखायला लागलं की माणूस कूस बदलेना. पोट लाकडासारखं कडक. एक्सरेत छातीच्या पडद्याखाली हवा दिसली आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर फुटला होता, पोटभर घाण पसरली होती.

काल घरी आणलं. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत वीतभर चीर आहे. आतून शिवलंय म्हणाले, पण वरचं कातडं उघडंच आहे, टाके नाहीतच. डिस्चार्जच्या कागदावर फक्त "रोज ड्रेसिंग" एवढंच लिहिलंय. काउंटरवर गर्दी होती, बिल झालं, व्हीलचेअर आली आणि आम्ही बाहेर. कुणी दोन मिनिटं बसून सांगितलं नाही.

आज कंपाउंडर पट्टी करून गेले तेव्हा मी पहिल्यांदा जखम पाहिली. लाल मांस, कडेला पिवळं काहीतरी चिकटलेलं, आणि तळाशी एक निळा दोरा. मला भोवळच आली.

माझे प्रश्न: टाके घालायचे राहून गेले का? तो दोरा कसला? आत्या म्हणते वरणभात आणि दही बंद कर, पू होतो. खरं आहे का? उद्यापासून पट्टी मलाच करायची आहे, कंपाउंडर रोज यायला तयार नाहीत.

रामबागच्या_काकू

बाळ, आधी पाणी पी. आमच्या ह्यांचं अपेंडिक्स फुटलं होतं, तेव्हाही असंच उघडं ठेवलं होतं. मीही अशीच रडून राहिले होते. दोन महिन्यांत सगळं भरून आलं. आज कुणी बघितलं तर नुसती पांढरी रेघ दिसते. जाणकार लोक आहेत इथे, ते सांगतीलच. मी एवढंच सांगते की बाबांच्या समोर चेहरा नीट ठेव. ते जखम बघत नाहीत, तुझं तोंड बघतात.

जुना_सर्जन

मी इंदुरातच शिकलो, आता निवृत्त आहे. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचाच. पण जे तुम्हाला काउंटरवर कुणीतरी सांगायला हवं होतं ते सांगतो.

टाके राहून गेलेले नाहीत. ठरवून घातलेले नाहीत.

ठरवून केलेल्या हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये जखम स्वच्छ असते. अल्सर किंवा अपेंडिक्स फुटल्यावर पोटात आम्ल, पित्त, अन्न, जंतू सगळं पसरलेलं असतं. पोट कितीही लिटर पाण्याने धुतलं तरी चीर त्या घाणीच्या संपर्कात आलेलीच असते. अशा जखमेला आमच्या भाषेत दूषित जखम म्हणतात. कातड्याखाली चरबीचा थर असतो, त्याला रक्तपुरवठा बेताचा. तिथे जंतू अडकले आणि वरून कातडं घट्ट शिवलं तर पू आतल्या आत कोंडतो, ताप येतो, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी तेच टाके पुन्हा काढावे लागतात. म्हणून बरेच सर्जन कातडं उघडं ठेवतात. तीन ते पाच दिवसांत जखम स्वच्छ दिसली तर तेव्हा टाके घालतात, नाही तर तळापासून आपोआप भरू देतात. त्याला आठवडे लागतात, कधी महिने. हे मागे पडणं नव्हे.

पोटाची ताकद कातड्यात नसते. स्नायूंच्या मध्ये एक पांढरा चिवट पदर असतो, तो शिवला की पोट बंद झालं. तुम्हाला दिसलेला निळा दोरा बहुतेक त्याच पदराची शिवण आहे. तो ओढू नका, कापू नका, त्याच्याभोवती खरवडू नका. फक्त पुढच्या भेटीत सर्जनना सांगा की दोरा दिसतो आहे.

आत जे छिद्र होतं ते बंद करताना पोटातल्या चरबीच्या पडद्याचा तुकडा ठिगळासारखा लावतात. कॅनडातले सर्जन रॉस्को ग्रॅहॅम यांनी १९३७ मध्ये मांडलेली पद्धत अजून चालते. दुखण्याच्या त्या गोळ्या आता कायमच्या बंद समजा, आणि एच. पायलोरी या जंतूची तपासणी झाली का ते विचारा. तो राहिला तर अल्सर पुन्हा होऊ शकतो.

लाल, दाणेदार, हात लागला की किंचित रक्त येणारं मांस म्हणजे जखम भरते आहे. पिवळा चिकट थर म्हणजे मेलेल्या पेशी. थोडा असेल तर घाबरायचं कारण नाही, पण वाढत असेल तर तो काढावा लागतो, आणि ते काम सर्जनचं.

रात्रपाळीची_सिस्टर

ताई, पट्टीचं मी सांगते. सर्जिकल वॉर्डात खूप वर्षं काढली आहेत. पहिल्या दोन पट्ट्या तुम्ही करा आणि कंपाउंडरला नुसतं शेजारी उभं राहायला सांगा. त्याचे पैसे द्या, ते वाया जाणार नाहीत.

खोली आधी झाडून-पुसून घ्या आणि अर्धा तास जाऊ द्या. झाडतानाच पट्टी उघडायची नाही. पंखा बंद. पावसाळा आहे, माश्या आहेत, खिडकीला जाळी नसेल तर खिडकीही बंद. दुखण्याची जी गोळी सर्जनने लिहून दिली आहे ती पट्टीच्या अर्धा तास आधी, म्हणजे बाबा दात आवळून पडून राहणार नाहीत.

नखं कापलेली, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या. साबणाने हात धुवायचे ते घड्याळ बघून, ४० ते ६० सेकंद. आपल्याकडे नर्मदेचं पाणी दिवसाआड येतं, तेव्हा बादलीत तांब्या बुडवून हात धुऊ नका. दुसऱ्या माणसाने वरून धार धरायची. जुनी पट्टी साध्या ग्लोव्हजने काढायची, ते फेकायचे, पुन्हा हात धुवायचे, मग नवीन निर्जंतुक ग्लोव्हज.

गॉज, म्हणजे जखमेवरचं जाळीदार कापड, चिकटलं असेल तर खस्सकन ओढू नका. त्यावर सलाईन ओता, दोन मिनिटं थांबा, अलगद सुटेल. ओढलं की नवीन आलेलं मांस त्याच्याबरोबर निघतं, आणि आठ दिवसांची मेहनत एका क्षणात जाते. माझा जीव तुटतो ते बघताना.

जखम नॉर्मल सलाईनने धुवायची. १०० मिलीच्या छोट्या बाटल्या आणा. मोठी बाटली फोडून आठवडाभर वापरणारे लोक मी बघितले आहेत, तसं करू नका. मग निर्जंतुक गॉज सलाईनमध्ये भिजवून, पिळून, सैल भरायचं. उशीत कापूस कोंबतो तसं कोंबायचं नाही. कोंबलं की रक्तपुरवठा दबतो. जखमेत शक्यतो एकच लांब गॉज घाला आणि त्याचं टोक बाहेर ठेवा. तुकडे घातलेच तर मोजून, आणि वहीत लिहून. उद्या काढताना तितकेच निघाले पाहिजेत. वर कोरडं पॅड, मग मायक्रोपोर, म्हणजे कागदी चिकटपट्टी.

बीटाडीन किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड रोज जखमेत ओतायचं नाही. फेस आला म्हणजे घाण निघाली असं लोकांना वाटतं. पेरॉक्साइड जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतं. तुमच्या सर्जनने काही दिवस बीटाडीनचं गॉज सांगितलं असेल तर तसंच करा, पण कधी थांबवायचं तेही विचारून घ्या.

आणि रोज एकाच जागेवरून, एकाच उजेडात मोबाइलने फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवून लांबी-रुंदी दिसेल असा. तुम्हाला रोज बघून फरक कळणार नाही, पण आठ दिवसांचे फोटो ओळीने लावले की सर्जनला अर्ध्या मिनिटात सगळं कळतं.

मालव्याची_माती

आमच्याकडे हळद आणि मध भरायचे. मधाने जखमा भरतात यावर संशोधनही झालंय ना? एवढं केमिकल कशाला?

जुना_सर्जन

झालंय, आणि आपल्याच माणसांनी केलंय. सोलापूरचे डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये भाजलेल्या जखमांवर मध वापरून त्याचे निष्कर्ष ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत छापले. सुश्रुतानेही व्रणावर साठ उपक्रम सांगितले, त्यात मध आहे. या परंपरेचा मला अभिमान आहे. पण वैद्यकीय मध किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, डब्यातला तसा नसतो. आणि भाजलेलं कातडं वेगळं, पोटाची खोल जखम वेगळी. हळदीची पूड जखमेच्या तळाशी घट्ट बसते, तिच्यावर जंतू वाढतात, आणि खालचं मांस लाल आहे की पिवळं तेच दिसेनासं होतं. हळद दुधात घाला, जखमेत नको.

डब्याची_ताई

वरणभाताने पू होतो हे मनातून काढून टाका, कृपा करून! पू जंतूंमुळे होतो. मी घरगुती डबे देते, आजारी माणसांचे बरेच असतात, आणि एका आहारतज्ज्ञ बाईंकडून शिकून घेतलंय. पथ्याच्या नावाखाली महिनाभर साबुदाण्याची खीर आणि पेज पाजतात आणि मग म्हणतात जखम का भरत नाही. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, प्रथिनं जवळजवळ शून्य, आणि मधुमेहात साखर चढवतो ती वेगळीच. मांस भरायला प्रथिनंच लागतात.

मोठ्या ऑपरेशननंतर वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं रोज, असं धरतात. बाबा ६० किलोचे असतील तर ७२ ते ९० ग्रॅम. आपल्या नेहमीच्या जेवणात बहुतेकदा तेवढी होत नाहीत. अंड्यात ६ ग्रॅम. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. शिजलेल्या वरणाच्या वाटीत ५-६. सोयाबीनच्या वड्या कोरड्या २५ ग्रॅम घेतल्या तर १२-१३. दही द्या, ताजं द्या. थोडं थोडं दिवसातून सहा वेळा, कारण पोट अजून जास्त धरणार नाही. लिंबू, आवळा, पेरू हेही हवंच, क जीवनसत्त्वाशिवाय नवं मांस धरत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हे आकडे डॉक्टरांना विचारूनच.

आत्याबाईंना दुखवू नका. त्यांना दह्याचं काम द्या, विरजण त्याच लावतील.

देवासचा_मुलगा

हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या आईचं आतडं अडकल्यामुळे ऑपरेशन झालं होतं. तिचे वरचे टाके सगळे छान होते. सातव्या दिवशी पट्टीवर अचानक गुलाबी पाणी आलं, मांस धुतलेल्या पाण्यासारखं. पू नाही, वास नाही, ताप नाही. ज्या दवाखान्यात होतो तिथे म्हणाले थोडं पाणी येतंच, पॅड बदला. रात्री ती खोकली आणि टाके उसवून आतडं बाहेर आलं. मी ते शब्दात सांगू शकत नाही.

पुन्हा ऑपरेशन झालं. ती वाचली. पण त्या गुलाबी पाण्याचा अर्थ मला आधी कुणी सांगितला असता तर मी तिला दुपारीच दुसरीकडे हलवलं असतं.

जुना_सर्जन

देवासच्या दादांनी लिहिलं ते प्रत्येकाने दोनदा वाचा. पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास एकाएकी पॅड भिजवणारं गुलाबी पाणी म्हणजे आतला पदर उसवतो आहे असं समजून चालायचं. कातडं शिवलेलं असो की उघडं.

तसं झालं, किंवा आतडं दिसलं, तर माणसाला पाठीवर झोपवा, गुडघे वाकवून, म्हणजे पोटावरचा ताण कमी होतो. निर्जंतुक गॉज नाही तर धुतलेलं स्वच्छ सुती कापड सलाईनमध्ये भिजवून वर झाका, सुकू देऊ नका. आतडं हाताने आत ढकलू नका. तोंडाने पाणीसुद्धा नाही, कारण भूल द्यावी लागणार आहे. १०८ ला फोन.

बाकी ज्या गोष्टींसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा: १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, जखमेच्या कडेची लाली रोज बोटभर पुढे सरकणं, घाण वास, पट्टीवर शौचाच्या किंवा पित्ताच्या रंगाचा स्राव, पोट फुगून उलट्या आणि गॅस बंद, एका पायाची पोटरी सुजणं, धाप लागणं. आणि कातडं काळपट पडून दिसतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखत असेल तर तासाभराचीही वाट बघू नका.

पिशवीवाला_दादा

मला शौचाची पिशवी लावली होती, जखमेच्या अगदी शेजारी. ज्यांच्या घरी तसं आहे त्यांच्यासाठी लिहितो. पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की लगेच रिकामी करा, जड झाली की कड सुटते आणि सगळं जखमेत जातं. आधी पिशवी बदला, मग हात धुऊन जखमेची पट्टी. क्रम उलटा केला की त्रास होतो, माझा झाला होता.

सुदामानगरची_लेक (दिवस १२)

सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतात. चार पट्ट्या मी केल्या. पहिल्यांदा हात थरथरत होते.

पण काल फोटो ओळीने लावले तर खालच्या टोकाला पिवळं वाढलेलं दिसलं, आणि हलका वास. साखर मोजली, उपाशीपोटी २४०. आज सर्जनकडे नेलं. त्यांनी खालचा कोपरा जरा मोकळा केला, आत पू साठला होता, मेलेला भाग कापून काढला. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून तात्पुरतं इन्सुलिन सुरू केलं. व्हॅक नावाचं मशीन लावायचं का विचार करा म्हणाले. खर्च ऐकून भाऊ गप्प बसला. मी कुठे चुकले का?

रात्रपाळीची_सिस्टर

नाही. चुकला असतात तर फोटोच काढले नसते. पू सापडला तो तुमच्यामुळे सापडला. साखर सतत १८० च्या वर राहिली की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. पट्टी कितीही स्वच्छ केली तरी उपयोग होत नाही. आता वहीत पट्टीशेजारी साखरेचा रकाना आखा.

जुना_सर्जन

व्हॅक म्हणजे जखमेत स्पंज ठेवून वर हवाबंद पारदर्शक कागद लावतात आणि मशीन सतत ओढ लावतं, साधारण १२५ मिमी पाऱ्याइतकी. साठणारं पाणी ओढून घेतं, कडा जवळ आणतं, आणि पट्टी रोज न बदलता दोन-तीन दिवसांनी बदलतात. मोठ्या, फार पाझरणाऱ्या जखमेला ते उपयोगी पडतं. मेलेलं मांस आधी काढलेलं असावं लागतं, आणि उघड्या आतड्यावर थेट स्पंज कधीच ठेवत नाहीत. पण ते नाही लावलं तर जखम भरणार नाही असं मुळीच नाही. आम्ही ते मशीन यायच्या आधीही हजारो पोटं सलाईनच्या गॉजवर भरून आणली आहेत. सर्जनना सरळ विचारा: "याने किती दिवस वाचतील, आणि नाही लावलं तर काय धोका आहे?" मशीन भाड्याने मिळतं का, आयुष्मान कार्ड चालेल का, तेही लाजू नका विचारायला. भावाला सांगा, पैशांचा विचार करणं म्हणजे बाबांवर कमी प्रेम असणं नव्हे.

रामबागच्या_काकू

अगदी खरं. आणि त्यांना खोकताना पोटाशी उशी धरायला सांगितलंस का? दोन्ही हातांनी दाबून धरायची, मग खोकायचं. उठतानाही सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर, मग पाय खाली, मग हाताच्या जोरावर. आमच्या ह्यांना सिस्टरांनी शिकवलं होतं, अजूनही तसेच उठतात.

सुदामानगरची_लेक (दिवस ३४)

व्हॅक नाही लावलं. सर्जनच म्हणाले आधी आठ दिवस साखर आटोक्यात आणून बघू. उपाशीपोटी आता १२० ते १३५ येते. जखम वीतभर होती ती चार बोटांवर आली, खोली जवळपास भरली. निळा दोरा दिसेनासा झाला! आत्याने विरजणाचा ताबा घेतलाय. सोयाच्या वड्या बाबांना आवडत नाहीत, पण कीस करून पराठ्यात घातल्या तर कळत नाही.

एक विचारायचं होतं. बाबा म्हणतात बरं वाटतंय, गॅसचा सिलिंडर मी सरकवतो. सरकवू द्यायचा का?

जुना_सर्जन

अजिबात नाही. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही नको, आणि भरलेला सिलिंडर तर त्यानंतरही कित्येक महिने नको. वरून भरलेली जखम बघून माणूस फसतो. आतल्या पदराची ताकद तीन महिन्यांनीही मूळच्या साधारण ८० टक्केच असते. अशा मधल्या चिरेत पुढे हर्निया होण्याचं प्रमाण १० ते २० टक्के आहे, आणि जंतुसंसर्ग झालेल्यांना धोका जास्त. चालू द्या मात्र भरपूर. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने तोच ताण येतो. तंबाखू असेल तर ती बंद.

सुदामानगरची_लेक (दिवस ६१)

आज पट्टी नाही. नुसती गुलाबी रेघ, खालच्या टोकाला मुगाएवढी खपली. सर्जननी सांगितलं आता महिन्याने या. एच. पायलोरीची तपासणी झाली, निघाला होता, त्याची औषधं पूर्ण झाली.

काल अनंत चतुर्दशी. बाबांना दरवर्षी राजवाड्यापाशी उभं राहून मिरवणुकीतल्या झांक्या (चित्ररथ) बघायच्या असतात. गर्दीत धक्का लागेल म्हणून या वेळी मामाच्या गॅलरीत खुर्ची टाकली. पहिली झांकी आली तेव्हा बाबा उठून उभे राहिले: आधी कुशीवर वळल्यासारखे झाले, मग हातांच्या जोरावर. उशी पोटाशीच होती. रात्री दोन वाजेपर्यंत खाली आले नाहीत.

माझी वही आणि फोटो इथेच ठेवतेय. कुणाच्या घरी अशी जखम असेल तर विचारा, मी रोज रात्री बघते. देवासच्या दादा, आईंना माझा नमस्कार सांगा.